वाट मागणारा निळा दिवा

मी पोलीस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख याच एका गैरसमजातून आलं आहे. मी रुग्णवाहिका नाही, आगीचा बंबही नाही. मी एक साधा दिवा आहे, पालथ्या वाडग्याएवढा. वर निळं झाकण, आत एक बल्ब, बल्बभोवती गरगर फिरणारा छोटा आरसा आणि बुडाला लोहचुंबक. गाडीच्या छतावर मला ठेवलं की मी टक्‌कन चिकटतो, आणि माझी वायर खिडकीतून आत जाऊन सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसली की माझे डोळे उघडतात.

आमच्याकडे निळा दिवा म्हणजे स्वयंसेवक अग्निशामकाचा दिवा. न्यूयॉर्क म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतील, पण न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या हार्लो कॉर्नर्स गावात सगळ्यात उंच काय, तर चारा साठवायचा सायलो. इथे आग विझवायला पगारी माणूस नाही. कुणाचं कोठार पेटलं, कुणी चक्कर येऊन पडलं, की कमरेचा पेजर, पथकाचे निरोप ऐकवणारी डबी, बोलू लागतो आणि माणसं हातातलं काम टाकून आपापल्या गाड्यांनी धावतात. तेव्हा छतावर मी असतो. माझं म्हणणं एवढंच असतं, 'मी मदतीला निघालोय, जमलं तर वाट द्या.' जमलं तर! कायद्यानं मला काडीचाही हक्क दिलेला नाही. लाल सिग्नल मलाही लालच, चौकातली 'थांबा' ही पाटी मलाही लागू. कुणी बाजूला झालं नाही तर मी मागे मागे येत राहतो, बस्स.

मला ऑरिन हॅस्किन्सनं निवडलं असं सगळे म्हणतात. खरं तर निवडलं त्याच्या बायकोनं, ग्लेंडानं.

उन्हाळ्यात अग्निशामकांची जत्रा भरते. कोंबडी भाजल्याचा धूर, लहान मुलांची आरडाओरड, आणि एका तंबूत दिव्यांचं दुकान. त्या टेबलावर मी अगदी कडेला होतो. माझ्या शेजारी लांबच लांब पट्ट्या होत्या, दहा-दहा तोंडांच्या. गाडीच्या नाकावर लावायचे जोडदिवे होते, मागच्या काचेतले लुकलुके होते. विकणाऱ्यानं सगळं एकदम पेटवून ठेवलं होतं. त्या झगमगाटात मी पेटलोय की विझलोय हेही कळत नव्हतं.

ऑरिन नुकताच पथकात दाखल झाला होता. चाळिशी ओलांडलेला, उंच, थोडा वाकलेला. गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. त्याच्यासोबत वेंडेल कोझॅक होता, शेजारी आणि लहानपणापासूनचा मित्र. वेंडेल पथकात जुना होता, त्यामुळे सल्ले देण्याचा हक्क त्यानं स्वतःकडे घेतला होता.

"ही घे, लेका," वेंडेल सगळ्यात लांब पट्टीवर थाप मारून म्हणाला. "ही लावलीस तर हरणंसुद्धा सलाम ठोकून बाजूला होतील."

"आणि हे जोडदिवे पुढे," विकणारा म्हणाला.

"आणि हे मागे," वेंडेल म्हणाला.

"ट्रक घेतलाय की नाताळचं झाड?" ग्लेंडा मागून म्हणाली. तिच्या हातात लिंबू सरबताचा पेला होता. "वेंडेल, त्याच्या डोक्यावर चांदणी पण लाव एक."

वेंडेल हसला. ग्लेंडा हसली नाही. तिनं विकणाऱ्याला विचारलं, "यातला सगळ्यात कमी भपक्याचा कुठला?"

त्याला ती थट्टा वाटली. पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं कडेला बोट दाखवलं. तो मी होतो.

ग्लेंडानं मला उचललं. माझ्या झाकणावर तळहात ठेवला. माझा उजेड तिच्या बोटांच्या फटींतून फिरत होता आणि ती कितीतरी वेळ ते बघत उभी राहिली. मग म्हणाली, "हा."

"अगं, हा तर काजवा आहे!" वेंडेल म्हणाला.

"दिवा जेवढा मोठा, तेवढा ॲक्सिलरेटरवरचा पाय जड," ती म्हणाली. "तुला माहीत आहे, वेंडेल."

वेंडेलनं मान खाली घातली. त्याला माहीत होतं. मला पुढे कळलं. ग्लेंडाचा धाकटा भाऊ लाइल शेजारच्या गावच्या पथकात होता. त्याच्या गाडीवर अशीच लांब पट्टी होती. गवत पेटल्याचा निरोप आला म्हणून तो सुसाट निघाला, चौकातल्या 'थांबा' पाटीला थांबला नाही, आणि आडव्या रस्त्यानं दुधाचा टँकर आला. लाइल सव्वीस वर्षांचा होता. आणि ते गवत? ते वाऱ्याची दिशा फिरल्यावर आपोआप विझलं.

त्या दिवशी घरी जाताना ग्लेंडानं मला मांडीवर घेतलं होतं. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "ऑरिन, तू जा. जाऊ नको असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक पाटीला थांबायचं. चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. एक, दोन म्हणायचं आणि मग निघायचं."

"घर जळत असलं तरी?"

"कुणाचंही जळत असलं तरी. जे जळतंय ते जळतंय. मला तू घरी परत हवास."

"बरं," ऑरिन म्हणाला. तो एवढंच बोलायचा, पण 'बरं' म्हणाला की ते काम झालंच समजायचं.

एकोणीस वर्षं आम्ही असे धावलो. पेजर बोलला की ऑरिन आपल्या पिकअप ट्रकमध्ये बसायचा, डाव्या हातानं मला खिडकीतून बाहेर काढून छतावर थापायचा आणि निघायचा. पाटी आली की थांबायचा. तोंडातल्या तोंडात "एक, दोन" म्हणायचा. हिवाळ्यात माझ्या वायरीसाठी खिडकीला जी फट ठेवावी लागे तिच्यातून गार वारा आत यायचा, म्हणून ग्लेंडानं त्या फटीत बसेल अशी लोकरीची गुंडाळी विणून दिली होती.

छतावरून माणसं फार चांगली दिसतात. मला आरशात बघितल्यावर कोण काय करतं यावरून मी माणूस ओळखायला शिकलो. ट्रॅक्टरवाले शेतकरी मान न वळवता हातानंच 'जा' म्हणायचे. टँकरवाले स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायचे. काही जण मला बघितलं की मुद्दाम वेग वाढवायचे, जणू मी त्यांचं काही काढून घेणार होतो. म्हाताऱ्या मिसेस ऑकली बाजूला व्हायच्या आणि आम्ही पुढे जाईपर्यंत डोळे मिटून प्रार्थना करायच्या. एकदा डोळे मिटूनच त्या चरात गेल्या, मग आधी त्यांनाच बाहेर काढावं लागलं.

परत येताना मला विझवलेलं असायचं. पण घराच्या वाटेवर वळलं की ऑरिन मला एकदा पेटवायचा. दोनच फेऱ्या, आणि पुन्हा बंद. स्वयंपाकघराच्या खिडकीत, मोरीपाशी, ग्लेंडा उभी असायची. दोन फेऱ्या दिसल्या की ती आत वळायची आणि कॉफी ठेवायची. एकोणीस वर्षांत ती खिडकी मला एकदाही रिकामी दिसली नाही.

दिवस बदलले. पथकात नवी पोरं आली, त्यांच्या गाड्यांवर नव्या तऱ्हेचे दिवे आले, डोळ्यांत सुईसारखे घुसणारे. माझा आरसा फिरताना आता घरघर आवाज यायचा. वेंडेल एव्हाना पथकाचा प्रमुख झाला होता. दिवा लावायचा तर प्रमुखाच्या सहीचं कार्ड जवळ लागतं. दर वर्षी ऑरिनच्या कार्डावर सही करताना तो म्हणायचा, "काजव्याला पेन्शन दे रे आता. दम्यानं मरेल बिचारा."

"ग्लेंडाला विचार," ऑरिन म्हणायचा.

आणि ग्लेंडा रविवारच्या पॅनकेकच्या जेवणात, भरल्या पथकघरात, हातातला झारा वेंडेलवर रोखून म्हणायची, "तो दिवा निघाला तर मी पण निघाले!"

सगळे हसायचे. ते वाक्य मला पुढे फार आठवलं.

तो ऑक्टोबर होता. झाडं लाल-पिवळी झाली होती. या दिवसांत दूरदूरची माणसं पानं बघायला आमच्याकडे येतात, सावकाश गाड्या चालवतात आणि मध्येच थांबून फोटो काढतात. आम्हाला त्याची सवय आहे.

आमच्या पथकाकडे एक यंत्र होतं, बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला धक्का देऊन पुन्हा चालू करणारं. यंत्र एकच आणि माणसं वीस, म्हणून ते दर आठवड्याला एकाच्या गाडीत राहायचं. त्या आठवड्यात पाळी ऑरिनची होती. यंत्र त्याच्या शेजारच्या सीटवर होतं, पट्टा लावून बसवलेलं.

सकाळचे साडेदहा झाले होते. ऑरिन चाऱ्याच्या गिरणीपाशी होता, घरापासून अकरा मैलांवर. पेजर वाजला. आधी नेहमीचा सूर, मग मदतकेंद्रातून निरोप देणाऱ्या बाईचा आवाज. ती नेहमी एका दमात बोलते. त्या दिवशी ती पत्त्यापाशी अडखळली. शंपाइक रस्ता, हॅस्किन्स यांचं घर. एकसष्ट वर्षांची महिला, छातीत दुखतंय, स्वतःच फोन केलाय, आता फोनवर बोलत नाहीये.

ऑरिन धावला नाही. तो ट्रकपर्यंत चालत आला, दार उघडलं, मला छतावर ठेवलं. मी वाकडा बसलो, त्यानं मला उचलून पुन्हा ठेवलं आणि मी दोनदा टकटक वाजलो. एकोणीस वर्षांत मी नेहमी एकदाच वाजलो होतो.

वाटेत तीन पाट्या होत्या. पहिल्या पाटीला तो थांबला. चाकं पूर्ण थांबली. "एक, दोन." दुसऱ्या पाटीला थांबला. समोर दूरपर्यंत रस्ता मोकळा होता, कोंबडीसुद्धा आडवी जात नव्हती. तरी "एक, दोन." तिसऱ्या पाटीला त्याचा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. पण तो थांबला. मी वर गरगर फिरत होतो आणि मनात म्हणत होतो, ऑरिन, आज नको थांबूस. आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, थांब बाबा, तिला शब्द दिलायस.

पेजरवर वेंडेलचा आवाज आला. तो घरापासून जवळ होता, पोहोचलाही होता. "मी तिच्याजवळ आहे. श्वास नाही. छाती दाबतोय. यंत्र कुठंय? यंत्र कुणाकडे आहे?" मग तो प्रश्न त्यानं पुन्हा विचारला नाही. त्याला आठवलं होतं यंत्र कुणाकडे आहे.

रुग्णवाहिका मोठ्या गावाहून यायची होती, तिला पंचवीस मिनिटं लागणार होती. आम्ही पुलाशी आलो होतो. टॅनरी ओढ्यावरचा जुना लोखंडी पूल, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. पुलापलीकडे दोन मैलांवर घर.

आमच्यापुढे एक करड्या रंगाची गाडी होती, परराज्यातली. सावकाश चालली होती, पण चालली होती. ती पुलावर चढली, आम्ही तिच्या मागे चढलो. आणि पुलाच्या मधोमध तिला आरशात मी दिसलो.

आणखी दोन राज्यं ओलांडली की निळा रंग पोलिसांचा असतो. तिथे निळा दिवा मागे दिसला की जिथे असाल तिथे थांबायचं, हात दिसतील असे ठेवायचे, हलायचं नाही. ती बाई तिथली होती. तिनं तेच केलं. तिनं गाडी पुलावर थांबवली.

ऑरिननं हॉर्न वाजवला. ती हलली नाही. त्यानं दार उघडून उडी मारली आणि पळत गेला. मला छतावरून सगळं दिसत होतं. बाई सत्तरीची असेल, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. काच तिनं आधीच खाली केली होती.

"साहेब, मी चाळीसच्या वर गेलेच नाही हो," ती म्हणाली.

"मॅडम, मी पोलीस नाही. गाडी पुढे घ्या."

"कागद त्या कप्प्यात आहेत. काढू का? हात हलवला तर चालेल ना?"

"कागद नकोत मला. फक्त पुढे घ्या. पूल सोडा."

"म्हणजे तुम्ही मला सोडताय?"

"हो, सोडतोय. चला. चला ना हो!"

तिनं किल्लीकडे हात नेला, आणि किल्ली जागेवर नव्हती. तिच्या मुलानं तिला शिकवलं होतं की पोलिसांनी थांबवलं तर इंजीन बंद कर, किल्ली काढ आणि समोर काचेपाशी ठेव, म्हणजे ते घाबरणार नाहीत. तिनं ठेवली होती. ती घसरून खाली पडली होती. बाई रडायला लागली. "माफ करा साहेब, माफ करा, इथेच होती…"

ऑरिन पुलावर गुडघे टेकून बसला. मग पालथा पडला. त्यानं तिच्या सीटखाली हात घातला. खालून ओढ्याचा आवाज येत होता. मी वर फिरत होतो. तिच्या मागच्या काचेवर, पुलाच्या लोखंडावर, ऑरिनच्या पाठीवर माझा निळा उजेड पुन्हा पुन्हा पडत होता. विझवायला कुणी नव्हतं, आणि मला आपणहून विझता येत नाही.

माझा आरसा मिनिटाला नव्वद फेऱ्या घेतो. पुलावर मी तीनशे एकाहत्तर फेऱ्या घेतल्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

किल्ली सापडली. तिला कापडाचं एक छोटं अस्वल अडकवलेलं होतं. ऑरिननं ती तिच्या तळहातावर ठेवली. ती अजून हुंदके देत होती. आणि तो तिला म्हणाला, अगदी सवयीनं म्हणाला, "सावकाश जा, मॅडम."

त्यानं तिला हे सांगितलं नाही की आपण कुणाकडे चाललोय.

घराच्या अंगणात पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. वेंडेल जमिनीवर गुडघ्यांवर होता, खांद्यांनी वरखाली होत होता, त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. ऑरिन यंत्र घेऊन आत गेला. मी छतावरच राहिलो, फिरत. मोरीपाशीची खिडकी मला समोर दिसत होती. ती रिकामी होती.

त्या यंत्राला आवाज असतो. एका शांत बाईचा आवाज, काय करायचं ते सांगणारा. उघड्या दारातून तो अंगणापर्यंत आला. "तपासणी चालू आहे. रुग्णाला स्पर्श करू नका." मग थोड्या वेळानं, "धक्का देऊ नये." हृदयात अजून थोडी धडपड उरली असेल तरच ते यंत्र धक्का देतं. काहीच उरलं नसेल तर हेच म्हणतं.

ते तीनदा तेच म्हणालं. मग रुग्णवाहिका आली. मग बऱ्याच वेळानं वेंडेल बाहेर आला. मी अजून फिरत होतो, ट्रकची बॅटरी संपत आली होती, माझा उजेड मंद पडला होता. वेंडेलनं माझ्याकडे बघितलं. खिडकीतून हात घालून त्यानं माझी वायर ओढली, मग तापलेल्या झाकणावर तळहात ठेवून उभा राहिला. ग्लेंडानं जत्रेत ठेवला होता तसाच.

"बस कर आता," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे.

ऑरिन दर वेळी घरी परत आला होता. त्या दिवशीही तो आला. ग्लेंडानं मागितलं होतं तेवढं तिला मिळालं.

पुढचे काही दिवस लोकांनी भांडी भरभरून जेवण आणून दिलं. प्रत्येक भांड्याखाली चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव होतं. ऑरिन ती भांडी घासायचा, ट्रकमध्ये घालायचा आणि ज्याची त्याला परत करत फिरायचा. प्रत्येक पाटीला थांबायचा. मी शेजारच्या सीटवर पडून असायचो, जिथे ते यंत्र होतं तिथे.

एकदा वेंडेल सोबत होता. दोन-तीन भांडी परत करून झाली. मग वेंडेलच्या तोंडून निसटलं, "तेव्हाच मोठी पट्टी घेतली असतीस तर…" आणि त्यानं जीभ चावली. "मला तसं म्हणायचं नव्हतं रे."

"मोठी असती तर ती बाई आणखी घाबरली असती," ऑरिन म्हणाला. "आणि छतावर काहीच नसतं तर ती न थांबता पूल ओलांडून गेली असती."

मी दोघांच्या मध्ये सीटवर होतो. मी ऐकलं. हे मला पुलावरच कळलं होतं, पण ऑरिनच्या तोंडून ऐकताना वाटलं, आपल्याला आरसा फिरवणाऱ्या मोटरीऐवजी काळीज असतं तर ते या क्षणी बंद पडलं असतं. ज्या दिव्यानं आयुष्यभर वाट मागितली, त्यानंच त्या दिवशी वाट अडवली.

"पाट्यांना थांबलास?" वेंडेलनं हळूच विचारलं. "त्या दिवशी पण?"

"संध्याकाळी तिनं विचारलं असतं," ऑरिन म्हणाला.

नोव्हेंबरच्या शेवटी पथकघराच्या पत्त्यावर एक पत्र आलं. ट्रकच्या दारावरचं पथकाचं नाव त्या बाईनं वाचून ठेवलं होतं. वेंडेलनं पत्र आणून ऑरिनला ट्रकमध्येच दिलं. ऑरिननं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, जणू माझ्यासाठीच.

तिनं लिहिलं होतं, की पुलावर ज्या भल्या माणसानं माझ्यावर न ओरडता माझी किल्ली शोधून दिली, त्याचे आभार मानायचे राहून गेले. तुमच्याकडे निळा दिवा कुणाचा असतो ते मला मुलानं नंतर समजावून सांगितलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही. तुम्ही कुणाच्या तरी मदतीला निघाला होतात. ती व्यक्ती बरी आहे ना? कृपा करून दोन ओळी कळवा.

ऑरिननं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यानं त्याच कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं. पुन्हा खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी वेंडेलकडे कागद दिला. त्यावर होतं, "तुमची काही चूक नव्हती. मी वेळेवर पोहोचलो. पुढच्या वर्षी पानं बघायला जरूर या. ऑरिन हॅस्किन्स."

वेंडेलनं वाचलं. त्याचे डोळे भरून आले. "ऑरिन, हे खोटं आहे."

"मला माहीत आहे."

"मग?"

"तिला अजून गाडी चालवायची आहे," ऑरिन म्हणाला. "आरशात दरवेळी ग्लेंडा दिसायला लागली तर चालवेल कशी?"

मग त्यानं डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेमागून ते कार्ड काढलं, वेंडेलच्या सहीचं, आणि पत्रासोबत त्याच्या हातात ठेवलं. वेंडेल म्हणाला, "हे नको रे. उन्हाळ्यापर्यंत थांब. माणसं कमी आहेत." ऑरिननं नकारार्थी मान हलवली. तो पथकातून गेला नाही. अजूनही तो पथकघरात जातो, बंबाच्या नळ्या धुतो, रविवारी पॅनकेकही करतो, झारा तोच. पण पेजर त्यानं परत केला. आणि मला छतावर पुन्हा कधी ठेवलं नाही.

ट्रकच्या छतावर एक गोल उरला आहे, माझ्या बुडाएवढा. एकोणीस वर्षं मला थापून थापून तेवढ्याच भागाचा रंग उडाला आणि पत्रा थोडा खोल गेला आहे. पाऊस पडला की त्यात थोडं पाणी साचतं.

मी आता स्वयंपाकघरात असतो. मोरीपाशीच्या खिडकीत, ऑरिननं मला तिथे ठेवलं. चौकट लाकडाची आहे, लाकडाला चुंबक धरत नाही, म्हणून मी नुसता टेकलेला आहे. झाकणाला तडा गेला आहे. शेजारी ग्लेंडानं विणलेली ती लोकरीची गुंडाळी आहे. सकाळी ऊन आलं की माझ्यातून निळा उजेड मोरीत पडतो आणि ऑरिन त्यात कप विसळतो.

तुम्ही कोण आहात, कुठल्या राज्यातून वाचताय, मला माहीत नाही. पण कधी गाडीच्या आरशात माझ्यासारखा एखादा छोटा, घरघरता निळा दिवा दिसला तर माझं एवढं ऐका. घाबरू नका. तो तुम्हाला पकडायला आलेला नाही. त्याला तुमच्यावर कसलाही हक्क नाही. आहात तिथे थिजून थांबू नका. पुढे चला, पूल ओलांडा, रुंद जागा बघा आणि मग थोडं बाजूला व्हा. मागे एक माणूस आहे, जो कदाचित शब्द पाळत, प्रत्येक पाटीला थांबत आला आहे. त्याला कुणाकडे जायचं आहे ते तो तुम्हाला सांगणार नाही.

बाहेर गाडीचा आवाज येतोय. ऑरिन गिरणीवरून परत आला असेल. वाटेवर वळताना तो अजूनही वेग कमी करतो आणि या खिडकीकडे बघतो. खिडकीत आता मी असतो. त्याला दिसावं म्हणून दोन फेऱ्या घ्याव्यात असं मला दर वेळी वाटतं. पण माझी वायर मोकळी लोंबते आहे, आणि या घरात कॉफी ठेवायला दुसरं कुणी नाही.